फ्लेक्सच्या पाठीवरचा नकाशा

चाचा टायरमधली हवा काढून द्यायचे. हेच त्यांचं दुकान. शारजापलीकडच्या उम्म अल कुवैनचा समुद्र पाठीशी टाकून आत वाळूकडे निघालं की डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे एक पेट्रोलपंप, एक चहाचं खोपटं आणि त्यांचा पत्र्याचा गाळा. वाळूत गाडी घालायची तर टायर मऊ करावे लागतात, नाहीतर चाक वाळू कापत खाली जातं आणि गाडी पोटावर बसते. परत आल्यावर पुन्हा हवा भरायची, कारण मऊ टायरने हायवेला लागलं की तो फुटतो. जाताना काढायची, येताना भरायची. आई म्हणायची, हवा भरण्याचे पैसे घेणारे पाहिलेत, काढण्याचे घेणारा हा पहिलाच. चाकाला पाच दिरहम, म्हणजे आपले शंभरावर रुपये, आणि ते कशाचे, तर काहीतरी कमी केल्याचे.

रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे ते कोकणी मुसलमान. उंच, वाकलेले, पांढरी टोपी, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा. तिशीत इकडे आले ते इथेच पिकले. मी त्यांना चाचा म्हणायचे, ते मला पोरी म्हणायचे, आणि रागावले की बाई. मला बाई म्हटलेलं आठवतं ते एकदाच. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर मला चालणार होतं, पण तेव्हा ते म्हणालेच नाहीत. ते पुढे सांगते.

दुकानात खिळ्याला हवेचा दाब मोजायचं एक गेज टांगलेलं असे. चकचकीत, जर्मन. ते वापरताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. गिऱ्हाईकाला बरं वाटावं म्हणून ठेवलंय, असं ते स्वतःच सांगत. उकिडवं बसायचं, व्हॉल्व्हची पिन दाबायची, कान चाकापाशी न्यायचा आणि डोळे मिटायचे. हवा सुटताना आधी किंचाळते, मग कण्हते, मग नुसता श्वास टाकते. त्या कण्हण्याच्या आणि श्वासाच्या मधे कुठेतरी ते बोट उचलायचे. मी एकदा त्यांची पाठ वळल्यावर गेज लावून चारही चाकं तपासली. चारही सारखी. त्यांनी पाहिलंच. त्या दिवशी मला चहात साखर मिळाली नाही, आणि बाई म्हणाले ते तेव्हाच. "बाई, चहा घ्या." इतकंच.

हवा काढायच्या आधी ते ड्रायव्हरला गाडीतून उतरवायचे. "चपला काढ. पन्नास पावलं चालून ये." मग कोणीही असो. सकाळची वाळू दवाने घट्ट असते, दुपारची पिठासारखी सुटते, आणि वारा फिरला की कालची वाट आज वाट राहत नाही. हे काचेतून कळत नाही, पायाला कळतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा एक साहेब भारी गाडी घेऊन आला. त्याने काच अर्धीच खाली केली आणि इंग्रजीत सांगितलं की मी सर्व्हिसचे पैसे देतोय, व्यायामाचे नाही. चाचा हसले, "यस सर" म्हणाले आणि चारही चाकांत हवा भरून दिली. गच्च. साहेब दुकानापासून पंचवीस पावलांवर रुतला. चाचांनी चहा संपवला, कप विसळला, मग फावडं उचलून स्वतः गेले. मी पोट धरून हसत होते. जाताना म्हणाले, "हसू नको. तुझी पण बसली होती."

बसली होती. तीच आमची ओळख. मी जन्माने शारजाची. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे, आम्ही तिघं एका बेडरूमच्या घरात. कॉलेजला मला पुण्याला पाठवलं, आणि तिथे मी अभ्यास कमी आणि पत्रकं जास्त लिहिली. फी वाढीवर, हॉस्टेलच्या पाण्यावर, जे समोर येईल त्यावर. आमचा सीनियर शिकवायचा की पहिल्या ओळीत शत्रू दिसला पाहिजे, दुसऱ्या ओळीत त्याने काय घेतलं ते, आणि तिसऱ्या ओळीत वाचणाऱ्याची लाज. मला हे चांगलं जमायचं. परत येऊन जबल अलीच्या एका गोदामाच्या ऑफिसात कंटेनरच्या याद्या जुळवायला लागले, पगारातून एक जुनी जीप घेतली, पहिल्याच रविवारी वाळूत घातली आणि पोटावर बसवली. चाचा फावडं घेऊन आले. चाकाजवळची वाळू बाजूला करता करता माझं मराठी ऐकून थांबले. कुठली गो तू, विचारलं. मी शारजाची म्हणाले. "ते दिसतंय," म्हणाले, "गाव कुठलं?"

ज्या माणसाने मला वाळूत गाडी चालवायला शिकवलं त्याच्याकडे लायसन नव्हतं. बाजूला बसून शिकवायचे. वर चढताना पाय उचलायचा नाही, माथ्यावर पोचायच्या आधी उचलायचा, उतारावर ब्रेकला हात लावायचा नाही, हात म्हणजे पाय. सगळं बरोबर. पण परीक्षेत सात वेळा नापास. पहिल्या सहा वेळांच्या कहाण्या दर वेळी बदलत, सातवी कधी बदलली नाही. परीक्षकाने गाडीत बसवलं, चालवा म्हणाला. चाचा म्हणाले, मागचं उजवं मऊ आहे, भरून घ्या, मग चालवतो. परीक्षक म्हणाला, तुम्ही चालवा. चाचा म्हणाले, मऊ टायरवर मी माणूस नेत नाय. परीक्षक उतरला, चाकाला लाथ मारून बघितली, ठीक आहे म्हणाला. चाचा म्हणाले, लाथेने कळत नाय. तिथेच नापास झाले. मग पुन्हा गेलेच नाहीत.

समोर चूक दिसली की ती त्यांना गिळता येत नसे. शेजारी चहाच्या खोपट्याचा मालक खान, पेशावरकडचा. त्याच्या पाटीवरचा बाण चुकीच्या बाजूला होता, तर चाचांनी एका दुपारी रंग आणून तो फिरवून दिला. खानने आठवडाभर अबोला धरला, कारण पाटी बरोबर झाल्यावर लोक चुकून येईनासे झाले.

लायसन नाही म्हणून ते चालायचे. फजरची, म्हणजे पहाटेची नमाज झाली की हातात काठी, खांद्याला पाण्याची बाटली, आणि ऊन चढेपर्यंत वाळूत. रोज. इतकी वर्षं. त्या चालण्यातून तो नकाशा झाला.

कुठल्यातरी बांधकाम कंपनीच्या जाहिरातीचा मोठा फ्लेक्स होता. पुढच्या बाजूला स्विमिंग पूल आणि हसणारं कुटुंब. चाचांनी तो उलटा करून मागच्या भिंतीला ठोकला होता, आणि त्या पांढऱ्या पाठीवर मार्करने सगळी वाळू काढली होती. टेकड्यांना नावं दिलेली. सासूचा उतार, कारण चढताना बरा वाटतो. दोन बहिणी, म्हणजे एका खळग्यातली घाफची दोन झाडं. घाफ म्हणजे आपली शमीच, इथल्या वाळूतली. पेशावर, कारण तिथे खानची गाडी तीनदा रुतली. आणि मधेमधे लाल गोल. त्यांच्यावर लिहिलेलं, "घरं आहेत. इथून नको."

घरं धबची. काटेरी शेपटीचा, घोरपडीसारखा प्राणी, घट्ट वाळूत खोल बिळ करतो. वरून गाडी गेली की बिळ बसतं आणि धब आत. चाचा प्रत्येकाला फ्लेक्ससमोर उभं करून लाल गोल दाखवायचे. "आपला व्हिसा दोन वर्षांचा. यांचा पक्का आहे. मालकाच्या घरावरून गाडी घालायची नाय." तरी कोणी घातलीच, तर त्यांना कळायचं. चाकाच्या खाचांत लागलेली वाळू बघून कळायचं, असं ते म्हणत. माझा विश्वास अर्धा. मग परतीला त्याची तीन चाकं भरायचे आणि चौथं नाही. माणूस ओरडायचा, पैसे पुढे करायचा. चाचा स्टूल पुढे सरकवायचे. तो बसायचा, ऐकून घ्यायचा, मग चौथं भरायचे.

आणि एके दिवशी नोटीस निघाली. हा सगळा वाळूचा पट्टा राखीव होणार. इंजिनाला बंदी. पायी चालायला आणि उंटाला मोकळीक. कोणाची हरकत असेल तर अमुक तारखेपर्यंत लेखी द्यावी.

मी पेटले. मी आजही म्हणते की आमचं म्हणणं खोटं नव्हतं. रविवारी वाळूत जाणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये होते कोण? नर्सेस, इलेक्ट्रिशियन, स्टोअरकीपर, मंडणगड-दापोलीकडची कुटुंबं, बिर्याणीची पातेली आणि सतरंज्या. मॉलला दार असतं, बीचला पार्किंगचं मशीन, बागेला वेळ. वाळूला काहीच नव्हतं. ज्या देशात तुमचं काहीच नसतं, तिथे रविवारी सकाळी एका टेकडीच्या माथ्यावर गाडी उभी करून डबा उघडणं, एवढंच आमचं होतं. माझ्या बाबांचा गुडघा लिफ्टच्या खड्ड्यात पडून कायमचा गेलेला. ते पन्नास पावलं वाळूत चालू शकत नाहीत. त्यांना माथ्यावर नेतं ते इंजिन. "चालायला मोकळीक" हे शब्द वाचून मला जो राग आला तो खरा होता.

चाचा आमच्यापेक्षा कडवे. ते म्हणायचे, कुंपण घातलं की आत बघायला कोणी येत नाय, आणि बघायला कोणी नसलं की तिथे काय मेलं तेही कळत नाय. पण त्याच्या खाली दुसरी गोष्ट होती, ती ते खानलाच सांगायचे आणि खान मला. गाळा चालू म्हणून धंद्याचं लायसन चालू, ते लायसन चालू म्हणून या वयात व्हिसा दर वेळी कसाबसा वाढायचा. वाळू बंद तर गाळा बंद, गाळा बंद तर गाव. गावात घर होतं, मुलगे होते, सुना चांगल्या होत्या. मी एकदा म्हटलं, मग वाईट काय? ते म्हणाले, "तिथे मला खुर्ची देतात गो. पाहुण्याला देतात तशी."

हरकतीचा अर्ज मी लिहिला. आठ पानं. सगळ्यांच्या सह्या, चाचांची उर्दूतही आणि मराठीतही. अर्जात मला दाखवायचं होतं की आम्ही वाळू तुडवणारी टोळी नाही, आमचे नियम आहेत, आम्ही सांभाळून जातो, सरकारी कुंपणाची गरजच काय. याला पुरावा म्हणजे तो फ्लेक्स. मी चाचांना म्हटलं, याचा फोटो जोडते. ते हवा काढत होते. कान न हलवता म्हणाले, "दुकानातलं आहे. दुकानात राहू दे." मी विचारलं, का? म्हणाले, "कागदावर गेलं की ते तसंच राहतं. धब राहत नाय, हलतात."

मला वाटलं, म्हातारा लाजतोय. पुण्यात असे पुष्कळ पाहिलेले, ज्यांना स्वतःच्या कामाची किंमत कळत नाही आणि ती आपण कळवून द्यायची असते. ते दुपारच्या नमाजला गेले तेव्हा मी मोबाइलने फोटो काढले, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्वच्छ रेघांत नकाशा उतरवला, लाल गोल लालच ठेवले, आणि अर्जाला परिशिष्ट म्हणून जोडून पाठवला. फार समाधान वाटलं होतं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्रक, असं वाटलं होतं.

मग हरकत घेणाऱ्यांना सभेला बोलावलं. एसीचा हॉल, खजुराच्या बशा, गावा म्हणजे इथली कडू कॉफी. चाचा धुतलेला कुर्ता घालून आले होते आणि माझ्या आणि बाबांच्या मधे बसले. व्यवस्था बघणारी इथलीच एक तरुण मुलगी होती, माझ्याच वयाची, फार नम्र, हिंदी समजणारी. तिने आमचे आभार मानले. आमच्याकडे इतकी बारीक पाहणी नव्हती, म्हणाली, ती तुम्ही दिलीत. आणि पडद्यावर माझा नकाशा आला. माझ्या स्वच्छ रेघा. त्यातले लाल गोल एकमेकांना जोडून भोवती एक हिरवी रेघ ओढलेली होती. ती कुंपणाची रेघ.

आम्ही नको म्हणून जो कागद दिला त्यावरच त्यांनी हो लिहिलं होतं. चाचांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पडद्याकडे बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी वाट बघत होते, पाहिलं नाही.

पण सगळं गेलं नव्हतं. त्या मुलीने दाखवलं की गोल जिथे नाहीत तिथे एक पट्टा मोकळा ठेवता येईल, हिवाळ्याच्या रविवारी गाड्यांसाठी. पट्टा बरोबर चाचांच्या दुकानापासून निघत होता आणि सासूच्या उतारापर्यंत जात होता. बाबांनी माझा हात दाबला. टेकडी राहत होती, दुकान राहत होतं. कोणाची काही सूचना, तिने विचारलं. आता फक्त गप्प राहायचं होतं.

चाचा उठले. काठी टेकत पडद्यापर्यंत गेले आणि एका लाल गोलावर बोट ठेवलं. "मॅडम, ये ग़लत है. यहाँ अभी कोई नहीं रहता. दो ठंडी पहले चले गए." मग बोट सरकत सरकत मोकळ्या पट्ट्यावर आलं आणि सासूच्या उताराच्या पायथ्याशी थांबलं. "सब इधर आ गए हैं."

तिने विचारलं, नक्की का? ते म्हणाले, "रोज देखता हूँ."

ती हुशार होती, आणि मला वाटतं दयाळूही. तिने विचारलं की मग तुमचं म्हणणं काय, तिथून गाड्या जाव्यात की नाही. चाचा पडद्यापुढेच उभे होते. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या कुर्त्यावर, टेकड्यांच्या रेघा पाठीवर.

"गाड़ी जाना चाहिए," ते म्हणाले. "लेकिन इधर से नहीं."

पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. बाबा मागून लंगडत येत होते आणि थांब थांब म्हणत होते. मी विचारलं, तुम्हाला कोणी विचारलं होतं? ते म्हणाले, चुकीचं होतं गो ते. मी म्हणाले, चुकीचं तर चुकीचं, आपल्या फायद्याचं होतं, ते लोक खूश होते, आपण खूश होतो, तुमचं दुकान राहत होतं. त्यांनी कुर्त्याच्या टोकाने चष्मा पुसला.

"पिल्लं आहेत तिथे. परवाच बघितली."

मग मी जे बोलले ते लिहिते, कारण ते गाळून मला हा माणूस लिहिता येणार नाही. मी म्हणाले, ज्याला सात वेळा लायसन मिळालं नाही त्याच्या नादी मी लागायलाच नको होतं.

बाबांनी माझं नाव घेऊन मला दटावलं. चाचा हसले. "आठव्यांदा बसतो, थांब," म्हणाले. मग हसू गेलं. मी त्या क्षणी बाई ऐकायला तयार होते. ऐकायचंच होतं. बाई, नकाशा तू दिलास. बाई, मी नको म्हटलं होतं. त्यातलं एक अक्षर ते बोलले नाहीत. जीपच्या मागच्या सीटवर बसले. दुकानाकडे जाताना एका सिग्नलला ते म्हणाले की पुढचं डावं मऊ आहे. मी उतरून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी जबल अलीच्या पार्किंगमध्ये ते चाक जमिनीला टेकलेलं होतं.

त्याच आठवड्यात ग्रुपवर सगळे विचारू लागले की काय झालं. मी लिहिलं. अर्ध्या तासात लिहिलं, हात शिवशिवत होते. पहिली ओळ अशी होती: "आपली वाळू आपल्याच माणसाने मोजून दिली." मग सभेत काय झालं ते, मोकळा पट्टा कसा मिळत होता आणि कोणाच्या बोटाने गेला. नाव लिहिलं नाही, लिहायची गरज नव्हती. कोणीतरी विचारलं की पण नकाशा त्यांच्या हाती लागलाच कसा. मी उत्तर दिलं, "नकाशा दुकानातला आहे." हे वाक्य खरं आहे. त्या पूर्ण मजकुरात एकही वाक्य खोटं नव्हतं. पत्रक लिहायला शिकलेल्या माणसाला खोटं लिहावं लागत नाही.

ते फॉरवर्ड होत होत आमच्या ग्रुपबाहेरही गेलं. निर्णय यायला अजून वेळ होता, वाळू अजून उघडी होती, पण लोक पेट्रोलपंपावर स्वतःच हवा काढू लागले. वीस पावलांवर. चाचा स्टुलावर बसून बघत असत, असं खान सांगतो. एकदा एकाने फार काढली तर उठून सांगायला गेले. त्या माणसाने काच वर केली.

पट्टा शेवटी दुसऱ्याच बाजूला ठरला, दुसऱ्या रस्त्यावरून, दुकानापासून गाडीने बराच लांब. तिकडे टेकड्या आहेत, आम्ही जातो, डबे खातो. बाबा माथ्यावर बसतात. म्हणजे आमचं फारसं काही गेलं नाही. गेलं ते एकाच माणसाचं.

त्या मजकुरानंतरच्या दिवसांत चाचांचा मला तीनदा फोन आला. तिन्ही वेळा कामाच्या दिवशी, दुपारी. एरवी ते फोन करत नसत, मेसेज त्यांना लिहिता येत नसे. मी डेस्कवर होते, स्क्रीनवर कंटेनरची यादी. नाव बघितलं आणि फोन पालथा घातला. मला वाटलं, माझी समजूत घालायला करतायत. मला समजूत घालून घ्यायची नव्हती. राग असतानाच मी मला बरोबर वाटते, हे आता कळतं.

हिवाळा सुरू झाला तेव्हा बाबा म्हणाले, चल, एकदा भेटून येऊ. आम्ही गेलो. गाळ्याचं शटर खाली, फ्लेक्स काढून नेलेला की आतच, कळायला मार्ग नव्हता. खानने आम्हाला बघून चहा ओतला. मग म्हणाला, "ईद से पहले गाँव चला गया."

मग त्याने सांगितलं. सभेनंतर ती सरकारी ऑफिसची मुलगी दोनदा स्वतः आली होती. एकदा पहाटे येऊन चाचांबरोबर तासभर चालली, बूट हातात घेऊन. त्यांना हवा होता एक माणूस, जो त्यांच्या लोकांना बरोबर घेऊन फिरेल, बिळं कुठे हलली ते दर हिवाळ्यात दाखवेल. कुंपणाच्या आत, पायी. वयाचं आम्ही बघून घेतो, व्हिसाचं आम्ही बघून घेतो, असं ती म्हणाली. एक फॉर्म देऊन गेली, इंग्रजीत, दोन आठवड्यांची मुदत. चाचा तो खिशात ठेवून फिरत होते. खानला इंग्रजी येत नाही. तो म्हणाला, पंपवाल्याकडून भरून घे, कोणाकडूनही घे. चाचा ऐकेनात. खान त्यांची नक्कल करत नाही कधी, पण ते वाक्य त्याने त्यांच्याच आवाजात सांगितलं. "काग़ज़ का काम बच्ची का है. वो उठाएगी फ़ोन."

मी तिथेच गाडीत बसून त्यांच्या गावच्या नंबरवर फोन लावला. बाबा शेजारी. तिकडे सुनेने उचलला, मग ते आले. आवाज तसाच, जरा मोठा, लांबून बोलतोय म्हणून. आईची चौकशी केली. जीपचं विचारलं. खाऱ्या हवेने इथे सगळ्या गाड्या सडतात, म्हणाले, बघवत नाय. मी म्हणाले, चाचा, तो फॉर्म.

"मलाच नको होतं गो. गुडघे धरलेत माझे. कोण फिरणार त्या वाळूत."

मी विचारलं, फॉर्म मोठा होता का? का विचारलं, कोण जाणे. कदाचित मोठा असता तर बरं वाटलं असतं.

"नाय. खानला कोणीतरी वाचून दाखवला नंतर. नाव, गाव, आणि तिकडे किती वर्षं. एवढंच."

मग ते थांबले. बोलायची पाळी माझी होती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. नकाशाचं, ग्रुपवरच्या मजकुराचं, पालथ्या फोनचं, सगळं सांगायचं होतं. मी फोन बाबांच्या हातात दिला.

बाबांनी सलाम केला, तब्येत विचारली. पलीकडून चाचा गुडघ्याबद्दलच बोलत होते. ज्यांचे पाय रोज पहाटे इतकी वर्षं वाळू तुडवून ठणठणीत होते, ते माझ्या बाबांना विचारत होते की कुठलं तेल चांगलं, दिवसातून किती वेळा लावायचं, वरून खाली की खालून वर. बाबा सगळं नीट समजावून सांगत होते. चाचा मधेमधे हो, हो म्हणत ऐकून घेत होते.